मराठी माध्यमातून इंग्रजीत एम.ए.: पुढची दोन वर्षे

प्रश्न: माझे वय २४ वर्षे आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय होता, पहिल्या दोन वर्षांत हिंदीही होते, आणि यंदा ६२ टक्के गुण मिळवून मी इंग्रजीत एम.ए. पूर्ण केले. वडील बाजार समितीत एका आडतीवर दिवाणजी आहेत आणि धाकटा भाऊ अकरावीत आहे. जवळच्या एका महाविद्यालयाने येत्या सत्रापासून तासिका तत्त्वावर शिकवाल का, असे विचारले आहे. मामा म्हणतात, आधी बी.एड. करून टाक. आमचे सर म्हणतात, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा होईपर्यंत दुसरे काही करू नकोस. पुण्यातली मैत्रीण म्हणते, इकडे ये, कंटेंट रायटिंगची कामे मिळतात. घरात लग्नाचा विषयही निघू लागला आहे. इंग्रजी वाचता-लिहिताना मला फारशी अडचण येत नाही. पण चार माणसांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. ‘इंग्रजीत एम.ए. आणि बोलता येत नाही?’ असे कोणी म्हटले की पदवी लपवावीशी वाटते. मी काय करावे? — एक वाचक, बार्शी

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुम्हाला सल्ला देणारी तिन्ही माणसे तुमच्या भल्याचेच सांगत आहेत, परंतु प्रत्येक जण स्वतःला दिसलेल्या काळाविषयी बोलत आहे. मामांनी बी.एड. झाले की संस्थेत चिकटता येते, असा काळ पाहिला. सरांनी नेट-सेट झालेला उमेदवार दोन-तीन वर्षांत कायम झालेला पाहिला. आणि मैत्रिणीने पुण्यात गेल्या काही वर्षांत मजकूर लिहिणाऱ्यांना सहज मिळालेली कामे पाहिली. यांपैकी एकही काळ आज जसाच्या तसा उरलेला नाही. म्हणून मी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींपासून सुरुवात करतो, कारण मला तेथेच खरी अडचण दिसते.

आपल्याकडे इंग्रजीतील एम.ए. ही साहित्याची पदवी आहे. कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि सिद्धान्त यांचे वाचन व त्यांवरील लेखन एवढेच ती मुख्यत्वे तपासते, तोंडी परीक्षा असली तरी ती नावापुरती असते. नोकरी देणारा मात्र, मग तो प्राचार्य असो, प्रकाशक असो वा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतील व्यवस्थापक, भाषेचे कसब विकत घेत असतो. विरचनावादासारख्या साहित्यसिद्धान्तावर आठ पाने लिहिणारे, पण बँकेला इंग्रजीतून साधे पत्र लिहिताना अडणारे विद्यार्थी मी अध्यापनाच्या वर्षांत पुष्कळ पाहिले, आणि त्यांत दोष त्यांचा कमी व आमच्या अभ्यासक्रमाचा अधिक होता. तेव्हा बोलता न येणे ही लपवण्याची गोष्ट नसून, तुमच्या शिक्षणात राहून गेलेला एक पेपर आहे असे समजा आणि तो वर्षभरात सोडवा. त्यासाठी महागडा क्लास लागत नाही. दररोज वर्तमानपत्रातील एक अग्रलेख मोठ्याने वाचणे, त्याचा आशय कागद न पाहता तीन मिनिटे इंग्रजीत सांगणे, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकणे, एवढे सहा महिने नेमाने झाले तर फरक पडतो. त्याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे दुसऱ्याला शिकवणे. त्याकडे पुढे येतो.

आता सरांच्या सल्ल्याविषयी. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. जुलै २०२३ पासून पीएच.डी. या पदासाठी अनिवार्य राहिलेली नाही. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. दोन्हींचा आराखडा सारखा आहे: पहिल्या पेपरात ५० व दुसऱ्यात १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ३०० गुण आणि तीन तास, शिवाय चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के उमेदवारच पात्र ठरवले जातात, म्हणजे येथे उत्तीर्ण होणे हा प्रकार नसून इतरांच्या पुढे असणे हा प्रकार आहे. इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचे दहा घटक आहेत आणि त्यांपैकी ‘भाषा व तिचे अध्यापन’, ‘भारतातील इंग्रजी’, ‘सांस्कृतिक अभ्यास’ व ‘संशोधनपद्धती’ या घटकांकडे आपले विद्यार्थी पाठ फिरवतात. कविता-नाटकांची पुन्हा पुन्हा उजळणी करण्यापेक्षा या चार घटकांना वेळ दिला तर तितक्याच श्रमात अधिक गुण पदरात पडतात. एम.ए.चे वाचन ताजे असताना, म्हणजे पुढच्या दोन वर्षांत, दोन्ही परीक्षा द्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपयांची सोय होते आणि पीएच.डी. घरावर भार न टाकता करता येते; तिच्यासाठी वयोमर्यादा आहे, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नाही.

‘दुसरे काही करू नकोस’ हा सरांच्या सल्ल्याचा उत्तरार्ध मात्र मला मान्य नाही. सेट उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे, हे महाराष्ट्रातील हजारो पात्रताधारक तुम्हाला सांगतील. अनुदानित महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते; त्याच वर्गात, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरील शिक्षकाला फक्त घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि तेही पुष्कळदा कित्येक महिन्यांनी. पदे निवृत्तीने रिकामी होत राहतात, पण भरतीला शासनाची परवानगी, बिंदुनामावलीची (आरक्षणाच्या क्रमवार यादीची) तपासणी, जाहिरात आणि मुलाखत या वाटेने जाताना वर्षे निघून जातात. अनुदानित संस्थांतील जागांसाठी पैसे मागितले जातात, हेही आता गावोगाव उघडपणे बोलले जाते. अशी मागणी पुढे आली तर वडिलांना जमीन किंवा घर गहाण टाकू देऊ नका. बेकायदा व्यवहाराला पावती नसते, आणि पावतीशिवाय दिलेले पैसे परत मागायला तुम्ही कोणाकडे जाणार आहात?

याचा अर्थ तासिकेचे काम नाकारावे असा मात्र नाही. उलट, मी तुम्हाला ते एक वर्षासाठी स्वीकारायला सांगेन, परंतु उपजीविका म्हणून नव्हे. समोर ६० मुले बसलेली असताना आठवड्याला आठ-दहा तास बोलणे भाग पडले की घसा कोरडा पडण्याची सवय आपोआप मोडते, आणि त्या सरावासाठी तुम्हाला पैसे द्यावे लागत नाहीत, थोडे मिळतात. दुसऱ्या वर्षी हेच काम चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय त्या वेळी नव्याने घ्यावा. तासिकेवर दहा-बारा वर्षे काढलेली आणि पस्तिशी ओलांडल्यावर अन्यत्र वळणेही जड जाणारी माणसे माझ्या परिचयात आहेत. त्यांची चूक एवढीच, की ‘पुढच्या वर्षी जागा निघेल’ हे वाक्य त्यांनी दरवर्षी ऐकून घेतले.

बी.एड.चा सल्ला वाईट नाही. तो अपुरा आहे. राज्यात अकरावी-बारावीला सर्व शाखांसाठी इंग्रजी अनिवार्य असल्याने प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला इंग्रजीचा शिक्षक लागतोच, ही या वाटेची जमेची बाजू. त्यासाठी एम.ए.बरोबर बी.एड. हवे, आणि भरती शासनाच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलमार्फत होत असल्याने शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुणही हवेत. ही चाचणी २०० गुणांची आहे, त्यांतील १२० गुण अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे, आणि तीत तुमच्या एम.ए.च्या अभ्यासाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. मोठी अडचण वेळापत्रकाची: पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. कनिष्ठ महाविद्यालयासाठी त्याचे मानधन २०२३ पासून दरमहा २०,००० रुपये आहे. केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये यांच्या पदव्युत्तर शिक्षकपदांसाठीही एम.ए. आणि बी.एड. लागते, तेथे वेतन चांगले आहे, पण देशात कोठेही जाण्याची तयारी हवी. बी.एड.ची दोन वर्षे पूर्णवेळ जातात हे लक्षात घेऊन माझा सल्ला असा आहे, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शिकवणे तुम्हाला मनापासून आवडते का, हे तासिकेच्या वर्षात पाहा आणि आवडले तरच पुढील वर्षीची प्रवेश परीक्षा द्या. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचे असल्यास त्या परीक्षेबरोबरच इंग्रजी भाषेची वेगळी चाचणी असते, ती चुकवू नका. मामांना ‘अजून ठरवायचे आहे’ एवढेच सांगा. नातेवाइकांना नकारापेक्षा ते सोसते.

पुण्याविषयी थोडक्यात. दुकानांच्या, रुग्णालयांच्या, सहल कंपन्यांच्या संकेतस्थळांसाठी शब्दांच्या हिशेबाने मजकूर लिहिण्याचे जे काम नवशिक्यांना मिळत असे, त्यातील मोठा भाग आता यंत्राकडून लिहून घेतला जातो आणि माणसाकडे तपासण्याचे काम उरते, तेही कमी दराने. केवळ त्या भरवशावर पुण्यात खोली भाड्याने घेऊ नका. तांत्रिक लेखन ही वेगळी गोष्ट आहे: सॉफ्टवेअर वा यंत्र कसे वापरावे याची पुस्तिका लिहिणे, आणि त्यासाठी अभियंत्याला नेमके प्रश्न विचारून त्याचे उत्तर साध्या वाक्यांत मांडणे. पुण्यातील कंपन्यांत अशी पदे आहेत, पण तेथे पदवीपेक्षा तुम्ही लिहिलेले नमुने पाहिले जातात. संशोधनपत्रिकांसाठी शास्त्रीय निबंधांची भाषा तपासण्याचे काम मुंबई, पुणे आणि चेन्नईतील कंपन्या देतात. त्यांची प्रवेशचाचणी अवघड असते, बरेच काम घरून करता येते, आणि व्याकरणाच्या बाबतीत हट्टी असलेल्या माणसाला ते जमते. तुम्ही तशा आहात की नाही, हे तुमच्या पत्रातील मराठीवरून सांगायचे तर, बहुधा आहात: चार पानी पत्रात मला एकच चूक सापडली.

आणि येथेच मी तुम्हाला कोणीही न सुचवलेल्या मार्गाकडे येतो. मराठी माध्यमात शिकल्याचे तुम्ही पत्रात असे लिहिले आहे, जणू ती कबुली आहे. उत्तम इंग्रजी येणारी माणसे मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत. ज्यांना बरे इंग्रजी येते आणि त्याच वेळी ‘वहिवाट’, ‘हक्कसोडपत्र’, ‘समाईक बांध’, ‘पोटखराबा’ हे शब्द ऐकून मनात कोश उघडावा लागत नाही, अशी माणसे थोडी आहेत. वडील आडतीवर दिवाणजी असलेल्या घरात वाढल्यामुळे हिशेबाची, तारणाची आणि देण्याघेण्याची मराठी तुमच्या कानावरून गेली आहे. या मराठीला इंग्रजीत नेणे हा एक व्यवसाय आहे.

त्याचे कारण आपल्या न्यायव्यवस्थेच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. त्यामुळे खालच्या न्यायालयातील प्रकरण अपिलात गेले की साक्षी, पंचनामे, खरेदीखते, सात-बारा, फेरफार, ग्रामपंचायतीचे ठराव, जुनी पत्रे अशा सगळ्या मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) काम सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांबरोबर तुमचा सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आला आहे. पूर्वी मुंबईला जाणारे हे कागद आता तुमच्या आवाक्यातील शहरात जातात, आणि त्यांचे भाषांतर करणारी व्यक्ती बार्शीत बसून ते काम करू शकते.

यंत्र हे काम खाऊन टाकणार नाही का, असे तुम्ही विचाराल. सोप्या मजकुराचे बरेचसे खाईल, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयही निकालांच्या भाषांतरासाठी २०१९ पासून यंत्राची मदत घेत आहे. परंतु जमिनीच्या कागदातील ‘पोटखराबा’ म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र हे न कळता एखाद्या यंत्राने त्याचा पोटाचा विकार केला तर मला नवल वाटणार नाही. तलाठ्याच्या हस्ताक्षरातील, मोडक्या वाक्यांतील, अर्धवट पुसलेला १९६० च्या दशकातील फेरफार वाचून त्याचा अर्थ लावणे, ‘वहिवाट’ या शब्दाचा अर्थ त्या जागी ताबा आहे की जाण्यायेण्याचा हक्क हे संदर्भावरून ठरवणे, आणि भाषांतराखाली सही करून त्याची जबाबदारी घेणे, या गोष्टी माणसाकडेच राहतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला संदिग्ध वाक्य दहा वेळा वाचण्याची शिस्त लागलेली असते. एम.ए.च्या अभ्यासाचा इतका रोकडा उपयोग मला दुसरा माहीत नाही.

सुरुवात कशी करावी? बार्शीच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे जा, स्त्री वकील असल्यास अधिक बरे, आणि तीन-चार महिने अल्प मोबदल्यात कागद भाषांतरित करून देण्याची तयारी दाखवा. अट एकच ठेवा, की त्यांनी प्रत्येक पान तपासून परत द्यावे. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने, ज्याची स्थापना १९६० सालची आहे, न्यायव्यवहार आणि शासनव्यवहार यांचे परिभाषाकोश तयार केले आहेत. ते संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ते हाताशी ठेवा, पण वकिलांच्या तोंडचा शब्द आणि कोशातला शब्द यांत फरक पडला तर दोन्ही वहीत टिपून ठेवा. वर्षभरात ती वहीच तुमचे भांडवल होईल. भाषा संचालनालय आणि उच्च न्यायालय यांच्याकडील अनुवादकांची पदे अधूनमधून निघतात, आणि तेव्हा तुमच्याकडे अनुभव असेल. पत्रात विचारलेले नाही तरी सांगतो: कथा-कादंबऱ्यांचा अनुवाद हे समाधानाचे काम आहे, पण साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराची रक्कमही ५०,००० रुपये आहे, त्यावरून या कामाची मिळकत काय असेल याचा अंदाज करावा. ते अवश्य करा, मात्र घरखर्च त्यावर लावू नका.

हिंदी तुम्हाला होते, म्हणून केंद्र सरकारच्या कनिष्ठ अनुवादकपदाचाही विचार व्हावा. कर्मचारी निवड आयोग ही परीक्षा घेतो. पदवीला हिंदी हा विषय असलेला इंग्रजीचा एम.ए.धारक तिला पात्र ठरू शकतो. त्याशिवाय अनुवादाची पदविका वा प्रमाणपत्र, अथवा सरकारी कार्यालयातील दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव लागतो. वेतनस्तर सहावा, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३० वर्षे. तुमचे हिंदी दोनच वर्षे होते, त्यामुळे अर्ज करण्याआधी जाहिरातीतील पात्रतेची अट आणि आपल्या गुणपत्रिका समोरासमोर ठेवून पाहा. अनुवादाची पदविका इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने करता येते. बँकांतील राजभाषा अधिकाऱ्याच्या पदाबाबत मात्र अनेकांची फसगत होते: तेथे हिंदीतील, किंवा ठरावीक अटींवर संस्कृतमधील, पदव्युत्तर पदवी मागतात, इंग्रजीतील चालत नाही. त्याच्या तयारीची पुस्तके घेण्यात पैसे घालवू नका. स्पर्धा परीक्षांविषयी तुम्ही काही विचारलेले नाही आणि मीही काही सांगत नाही. त्या वाटेला जायचे तर पूर्ण जावे लागते, बाकीच्या गोष्टींच्या जोडीला नाही.

पीएच.डी.ला इतक्यात नाव नोंदवू नका. अधिछात्रवृत्तीशिवाय ती चार-पाच वर्षे ओढत न्यावी लागते. अधिछात्रवृत्ती नेटमधून मिळते, तसेच बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना ती देतात. तुम्ही कोणत्या घटकात बसता ते पाहून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

तर पहिले वर्ष असे: सकाळी तासिका, दुपारी भाषांतर, संध्याकाळी सेट-नेटचा दोन तास अभ्यास, आणि झोपण्याआधी ती तीन मिनिटे. दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी तीन प्रश्नांची उत्तरे तुमच्या हातात असतील: वर्गात उभे राहणे आवडले का, परीक्षेत कितपत जवळ पोहोचलो, आणि भाषांतराचे पैसे किती मिळाले. बी.एड., पुणे की पुन्हा परीक्षा, हे त्या उत्तरांवर ठरवावे. लग्नाविषयी परक्या माणसाने बोलू नये, तरी वडिलांसमोर ‘मला दोन वर्षे द्या’ असे मोघम न म्हणता हेच वेळापत्रक कागदावर लिहून ठेवा. आयुष्यभर खतावणी लिहिलेल्या माणसाला मुदत आणि हिशेब लगेच समजतो.

महाविद्यालयाला होकार कळवण्याआधी प्राचार्यांना चार गोष्टी विचारा. आठवड्याला नेमके किती तास मिळतील, आणि नव्या अभ्यासक्रमात अनिवार्य इंग्रजीचे तास घटल्यास तुमचे किती उरतील? मानधन शासनाकडून येणार की संस्थेकडून, आणि गेल्या वर्षीच्या शिक्षकांना ते कोणत्या महिन्यात मिळाले? नेट-सेट नसताना तुमच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळेल का? आणि वर्षअखेरीस अनुभवाचे प्रमाणपत्र तासांच्या उल्लेखासह मिळेल का? उत्तरे तोंडी मिळाली तर घरी येऊन तारखेसह लिहून ठेवा, आणि नेमणुकीचे पत्र हातात पडल्याशिवाय पहिला तास घेऊ नका.